ड्रम किती, हा प्रश्न नंतरचा

मिस्त्रींना विचारा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : मिस्त्री काका, नमस्कार. माझी द्राक्षबाग भिलवडीच्या बाजूला, कृष्णेकाठी आहे. घर गावठाणात आणि मळा ओढ्यापलीकडे. एरवी ओढा उडी मारून ओलांडता येतो, पण नदी फुगली की त्यात पाणी शिरतं आणि १५० फुटांचा पट्टा होतो. २०१९ ला गोठ्याकडे जाताच आलं नाही. गेल्या वर्षी पाचगणीकडच्या एका रिसॉर्टची जुनी चार चाकांची क्वाड बाईक घेतली, फवारणीचा टँक ओढायला. आता पुतण्या म्हणतो, तिला निळे ड्रम बांधले की पुरात होडीसारखी वापरता येईल. थोरला भाऊ म्हणतो ट्रकच्या ट्यूबा बऱ्या. मला दोघांचंही पटत नाही आणि दोघांना नाहीही म्हणवत नाही. ड्रम किती लागतील, कुठे बांधायचे आणि खात्री कशी करायची?
– एक बागायतदार, पलूस तालुका

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. 'किती ड्रम' विचारणारी पत्रं मला २०१९ पासून येतात. 'खात्री कशी करायची' हे विचारणारे तुम्ही पहिले.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचाल. त्या २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला साडेसत्तावन्न फूट पाणी झालं. धोक्याची पातळी ४५. आमच्या शेडमध्ये लेथ बुडाला, तो उचलून कोरडा करण्यात दिवाळी गेली. पुढच्या जानेवारीत भाचा आणि त्याचा मित्र अशीच एक क्वाड घेऊन दारात हजर. दोघांनी वहीत हिशेब केलेला होता आणि तो चुकीचा नव्हता. एक २०० लिटरचा ड्रम पुढे बंपरला आडवा, एक मागे कॅरिअरला आडवा. ड्रम दोन, लिटर चारशेच्या वर, चाकांची हवा वेगळी. गाडी तरंगणार हे कागदावर स्पष्ट होतं. मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मीही वही बघितली आणि मान हलवली.

मिरजेच्या पूर्वेला एक पाझर तलाव आहे, काठ उतरता. तिथे सीटवर माणसाऐवजी वाळूची दोन पोती बांधली आणि गाडी पाण्यात ढकलली. तरंगली की हो! भाच्याने शिट्टी मारली. मग तिला वळवायला त्याने दोर जरा तिरका ओढला, आणि गाडी काही घाई न करता, म्हैस कूस बदलते तशी, पालथी झाली. चारी चाकं आभाळाकडे. ट्रॅक्टरने ओढून काढली. इंजिनातलं ऑइल चहासारखं दुधाळ झालेलं, तीन वेळा बदललं तेव्हा कुठे त्याला ऑइलचा रंग आला. सीटवर पोत्यांच्या जागी भाचा असता तर ३०० किलोच्या गाडीखाली गेला असता.

तर तरंगणं हा बेरजेचा भाग आहे. पाणी जितकं बाजूला सारलं तितकी उचल मिळते, एका लिटरला एक किलो, आर्किमिडीजपासून हेच चालू आहे. सरळ राहणं हा भाग वेगळा आणि तोच अवघड. आमचे ड्रम गाडीच्या रुंदीच्या आत होते. आधार मधोमध, ओझं उंच सीटवर. पाटावर उभं राहून पाट नदीत सोडण्यासारखंच ते.

आता तुमची गाडी घेऊ. पहिलं काम, वजन. कंपनीच्या कागदावरचं धरू नका, तुम्ही त्यावर कॅरिअर, हुक, टँकचा जोड लावलेला असणार. ट्रकचा वजनकाटा इथे कामाचा नाही, तो पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. भंगारवाल्याकडे ५०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा असतो, तिथे जा. आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग फक्त मागची. दोन्ही आकडे लिहून ठेवा, कारण ड्रम पुढे-मागे कसे वाटायचे ते यावरूनच ठरतं. आमची गाडी पुढे १४८, मागे १७०, एकूण ३१८ भरली. त्यात ७५ किलोचा माणूस, ड्रम आणि सांगाडा मिळून ४५, दोर-हत्यारं-लाइफ जॅकेट १२. झाले ४५० किलो.

या गाड्यांची चाकं म्हणजे फुगेच असतात. २५ इंची टायर, त्यात जेमतेम ५ पीएसआय हवा. पुढच्या एका चाकाची उचल पूर्ण बुडाल्यावर ४५ किलोच्या आसपास, मागच्याची ५५. चारही मिळून २०० होतात, पण चाक पूर्ण बुडवायचंच नाहीये, वरचा भाग पाण्याबाहेर राहिला तरच ते पाणी मागे सारतं. म्हणून १५० धरा. इंजिन-चेसिसची थोडी उचल मिळते, ती हिशेबात घेऊ नका. राहिले ३००. ते ड्रमनी उचलायचे.

इथे पुतण्या म्हणेल, ३०० लिटरचे ड्रम लावू. तसं करू नका. पूर्ण बुडालेल्या ड्रमने आपली सगळी उचल देऊन टाकलेली असते. एका बाजूला ओझं गेलं तर द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही, आणि गाडी त्या बाजूला कलंडते. ड्रम निम्मा पाण्यात, निम्मा वर, असा हवा. म्हणजे ३०० साठी ६०० लिटर. ५० लिटरचे बारा ड्रम, एका बाजूला सहा.

ते गाडीला समांतर लांबच लांब लावू नका. आडवे झोपवून शेजारी शेजारी लावा, पोळीच्या डब्यात गुंडाळ्या ठेवतात तसे. सहा ड्रमची रांग सव्वादोन मीटरच्या आसपास होते, गाडीच्या लांबीइतकीच. गाडीसकट एकूण रुंदी अडीच मीटरजवळ जाते. हे बघून तुम्ही दचकाल, कारण बागेच्या दोन ओळींतून ती जाणार नाही. म्हणून सांगाडा सुटा करा, ओढ्याकाठी जोडायचा आणि पलीकडे काढायचा. रुंदी मात्र कमी करू नका. दोन्ही बाजूंच्या ड्रममधलं अंतर दुप्पट केलं की कलंडायला होणारा विरोध चौपट होतो. बारा ड्रमचे सोळा केल्यानेही जे मिळणार नाही, ते दोन फूट बाहेर सरकवल्याने मिळतं.

उंची : ड्रमचा तळ जमिनीपासून पाऊण फुटावर, २५ सेंटिमीटरच्या आसपास. यापेक्षा खाली घेतला तर चाकं पाण्याबाहेर येतात आणि नुसती फिरतात, शिवाय काठावर चढताना ड्रम आधी टेकतो. वर घेतला तर इंजिन बुडतं.

सांगाड्याला चौकोनी पाईप घ्या आणि गाडीच्या चेसिसला यू-बोल्टने जोडा, प्लॅस्टिकच्या मडगार्डला किंवा नुसत्या कॅरिअरला नाही. ड्रम बांधायला सुतळी, बाइंडिंग वायर काही नको. ट्रकवाले वापरतात ते रॅचेट बेल्ट, एका ड्रमला दोन.

ट्यूबांविषयी थोरल्या भावाचं म्हणणं निम्मं खरं आहे. ट्रकची एक ट्यूब शंभर लिटरच्या आसपास जागा घेते आणि पंक्चरच्या दुकानात स्वस्तात मिळते. आम्ही सगळे ट्यूबवरच पोहायला शिकलो. पण पुरात बाभळीच्या फांद्या वाहत येतात, आणि एक काटा म्हणजे शंभर किलो एकदम गेले. शिवाय उन्हात ५ वाजेपर्यंत टम्म असलेली ट्यूब गार पाण्यात गेली की मऊ पडते. पाणी बघून हवा पुन्हा भरावी लागते आणि ते ऐन घाईत कोण करतो?

तोच प्रकार ड्रमचाही होतो, हे मला माहीत नव्हतं. दुपारी तापलेल्या ड्रमचं झाकण लावलं आणि तो पाण्यात टाकला तर आतली हवा आकसते. ड्रम पोटात चेपतो किंवा झाकणाच्या फटीतून पाणी आत ओढतो. झाकणं पहाटे किंवा सावलीत लावा, वॉशरला ग्रीस लावा. मोठ्या तोंडाचे, लोखंडी रिंगवाले ड्रम मिळाले तर आत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बूच घट्ट लावून कोंबा. मग ड्रमला भोक पडलं तरी निम्म्याहून जास्त उचल शाबूत राहते. लग्नाच्या कार्यालयामागे बाटल्या पोत्याने मिळतात. आणि ड्रम औषधाचा, केमिकलचा असेल तर धुतलेलं पाणी ओढ्यात सोडू नका. असल्या ड्रमला गॅसकटर किंवा वेल्डिंग तर लावूच नका.

आता खात्री. हे चार दिवसांचं काम आहे, एका दुपारचं नाही.

पहिल्या दिवशी एकेक ड्रम दगड बांधून हौदात बुडवा आणि रात्रभर ठेवा. ५० लिटरच्या ड्रमला बुडवायला ४७-४८ किलोचा जोर लागतो, आणि पाण्यात दगडाचंही वजन घटतं, म्हणून दगड ७५ किलोच्या आसपास लागतात. भाच्याला हे पटेना, म्हणाला, "मामा, मी नुसता बसतो की त्याच्यावर." बसला, आणि ड्रम बगलेतून निसटून त्याच्या हनुवटीवर आला. पुतण्यालाही एकदा बसवा, पाण्याची उचल काय असते ते गणितापेक्षा लवकर समजतं. सकाळी ड्रम काढून हलवा. आत खळखळ वाजलं तर झाकण बदला. थोडं पाणी चालतं असं म्हणू नका. आतलं पाणी गाडी कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं.

दुसऱ्या दिवशी सांगाडा कोरड्यावर तपासा. इथे लोक चुकतात. ड्रमवर ओझं ठेवून बघतात. अहो, पाण्यात जोर खालून वर येणार आहे! दोन्ही बाजूंच्या ड्रमच्या पाळण्याखाली जॅक लावा, सांगाड्यासकट गाडी वर उचला, चाकं अधांतरी होऊ द्या, सीटवर ७५ किलोची पोती टाका, खाली लाकडी ठोकळे द्या आणि जेवायला जा. सकाळपर्यंत तशीच ठेवा. पाण्यात ड्रमवर ३०० किलो यायचेत, इथे जवळपास ४०० येतात. जो बोल्ट सरकायचा तो इथेच सरकेल. आमचा एक वेल्ड रात्री तुटला. आवाज ऐकून बायकोला वाटलं, चोर आला.

तिसऱ्या दिवशी पाण्यात, पण नदीवर नाही. तुमच्या बाजूच्या मगरींविषयी मी तुम्हाला काय सांगणार? शेततळ्यातही नाही. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. दगडाच्या खणीला काठ नसतो. पाझर तलाव बघा, ग्रामपंचायतीला सांगून ठेवा, आणि जिथे दहा पावलं आत गेल्यावर कंबरेइतकं पाणी होतं अशी जागा धरा. गाडी बंद, सीटवर पोती, दोन्ही बाजूंना दोर. सोडा आणि नुसती बघा. ड्रम पुढे-मागे सारखे बुडालेत का? मागचे जास्त बुडाले तर रांग एक वीत मागे सरकवा. मग माणसाच्या वजनाची पोती सीटवरून काढून एका बाजूच्या ड्रमच्या अगदी बाहेरच्या कडेवर ठेवा. एवढं करूनही त्या कडेचे ड्रम निदान अर्धी वीत पाण्यावर दिसले पाहिजेत. नाही दिसले तर घरी परत. नंतर एका बाजूचा एक ड्रम काढून टाका आणि पुन्हा तेच करा. पुरात एखादा ड्रम जातोच, असं धरून चाला.

चौथ्या दिवशी माणूस. लाइफ जॅकेट अंगात, आणि पाय कुठेही न अडकवता. गाडीच्या रेसवर लक्ष ठेवा, फार रेस केली तर चाकं पाण्याला नुसता फेस आणतात. संथ गतीने आम्ही शंभर फूट अंतर ५० सेकंदांत तोडलं. म्हणजे माणूस चालतो त्याच्या निम्म्याने. हँडल वळवलं तर गाडी वळते, पण मर्जी असेल तेव्हा.

इंजिनाचं थोडक्यात. हवा घेण्याची नळी सीटखाली असते, ती हँडलच्या उंचीवर आणा. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या पट्ट्याच्या डब्याच्या दोन्ही नळ्याही वर आणा, पट्टा ओला झाला की घसरतो आणि पाण्याच्या मधोमध गाडी थांबते. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायच्या बारीक नळ्या, लोक विसरतात. गरम डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं, ड्रमचीच गोष्ट. आणि गाडी पाण्यात बंद पडलीच तर सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, पाणी उडवून टाका, मग बघा.

एवढं सगळं सांगितलं. आता जे तुम्ही विचारलं नाही ते.

तुमच्या ओढ्यात नदी चढताना पाणी येतं ते फुगवट्याचं, उलटं, जवळपास उभं. त्यात ही गाडी जाऊ शकते. नदी उतरायला लागली की तेच पाणी ओढ्यातून बाहेर ओढ घेतं, वर रानात पाऊस झाला असेल तर जास्तच. वरून दोन्ही वेळचं पाणी सारखंच दिसतं. एक काटकी टाका आणि मोजा. १० फूट जायला तिला १० सेकंदही लागत नसतील तर गाडी काठावर ठेवा. तुमच्या गाडीची बाजू साधारण एक चौरस मीटर पाण्यात असते. सेकंदाला एक मीटर प्रवाह असेल तर तिच्यावर ५० किलोचा रेटा येतो, दोन मीटर असेल तर २०० चा. ती चाकं एवढं सारू शकत नाहीत.

दुसरं, तुमची बाग. अँगल आणि तारा पाण्याखाली गेल्यावर दिसत नाहीत. चाकात तार अडकली तर ना पुढे ना मागे. ओढ्यापासून गोठ्यापर्यंतची वाट आत्ता, उन्हाळ्यात, उंच बांबूंना लाल फडकी बांधून आखून ठेवा. विहीर कुठे आहे तेही त्यातच दाखवा. विजेचा डीपी बंद झाल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

आणि तिसरं, तुमच्याच जागी मी असतो तर काय केलं असतं ते. हेच बारा ड्रम, त्यावर बांबू आणि फळ्यांचा तराफा, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांच्या झाडांना आत्ताच बांधून ठेवलेला जाड दोर. दोर हातांनी ओढत पलीकडे. गाडीचे ३१८ किलो वाचले की निम्म्या बुडालेल्या ड्रमवर दोन माणसं आणि पेंडेची दोन पोती सहज जातात, आणि इंजिन बंद पडायची भीती नाही. दोघांच्या वर तिसरा घेऊ नका, मग तो सख्खा असला तरी. ब्रह्मनाळ तुमच्यापासून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे, २०१९ च्या पुरात तिथे माणसांनी भरलेली नाव उलटून काय झालं तेही. म्हशींचं म्हणाल तर त्या नदी चढायला लागल्या लागल्या हलवायच्या असतात. आम्ही आयर्विनचा आकडा बघतो, तुमच्याकडे भिलवडीचा पूल आहे. जनावरांसाठी पुरात जावं लागतंय म्हणजे दोन दिवस आधी काहीतरी राहून गेलंय.

पुतण्याला मात्र नाही म्हणू नका. त्याला गाडीचं वजन करून आणायला सांगा. बघा आणतो का.

प्रश्न : सर, आम्ही इस्लामपूरजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं, विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेसाठी एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालणारी गाडी, बनवतो. अमेरिकेत या स्पर्धेच्या गाड्या पाण्यावर तरंगायच्या असं ऐकलं. खरं का? आम्हाला जुन्या गाडीवर प्रयोग करायचा आहे. थर्माकोल वापरावा की फोम?
– तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी

उत्तर : पोरांनो, खरं आहे. ती स्पर्धा तिकडे १९७६ ला साउथ कॅरोलिनात सुरू झाली आणि पुढे तिच्या पूर्वेकडच्या फेरीत गाडीला पाण्यावर तरंगून स्वतःच्या बळावर पलीकडे जावं लागायचं. इंजिन सगळ्यांना एकच, १० हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन. म्हणजे ताकदीची ऐट कोणालाच मारता यायची नाही, सगळा खेळ वजन आणि उचलीचा. आपल्याकडे २००७ पासून जी स्पर्धा होते, तीत तुम्हाला चिखल आणि खड्डे भरपूर मिळतात, तेवढं पुरे आहे.

थर्माकोल हलका, स्वस्त आणि कापायला सोपा आहे. पण पेट्रोलचे चार थेंब पडले की तो उन्हातल्या बर्फासारखा बसतो. फायबरचं काम करणारे त्यावर पॉलिएस्टर रेझिन मारतात आणि डोळ्यांदेखत ठोकळ्याची खिचडी होते, त्या रेझिनमधलं स्टायरीनच थर्माकोलला खातं. थर्माकोलवर मारायचंच असेल तर इपॉक्सी.

दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून फुगतो तो पीयू (पॉलियुरेथेन) फोम घ्या. कोल्ड स्टोरेजची कामं करणारे मिरजेत, तासगावात भेटतील, द्राक्षांमुळे त्यांचा इथे तोटा नाही. घनमीटरला साधारण ३२ किलो घनतेचा मागा. त्याचा एक घनफूट ठोकळा ९०० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि २७ किलो उचलतो. साच्यात ओतताना एकदम ओतू नका, थर देत जा. हातात मोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा आणि दारं उघडी ठेवा. वरून कापड आणि रंग द्या, उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो.

एक गोष्ट मात्र स्वतः शोधा. कॅनडात आर्गो नावाच्या सहा-आठ चाकी गाड्या १९६७ पासून निघतात. त्या तरंगतात, पण त्यांना बाहेरून काही बांधलेलं नसतं. का, ते बघा. उत्तर मिळालं की तुमच्या नव्या गाडीचा तळ कसा करायचा ते मला विचारायला लागणार नाही. आणि तलावावर जाताना कॉलेजच्या सरांना घेऊन जा. चोरून जाऊ नका. तुमचं वय मला ठाऊक आहे, भाच्याला मी त्याच वयात बघितलाय.

प्रश्न : काका, आमचं गुऱ्हाळ आहे. सासरे सांगतात, पूर्वी पुरात काहिलीतून माणसं काढायचे. आमच्या आठ फुटी काहिलीला दोन्ही बाजूंनी ट्यूबा बांधल्या तर ती सुरक्षित होईल का? घरात लहान मुलं आहेत म्हणून विचारते.
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : वहिनी, सासरे खरं सांगतात, आम्हीही बघितलंय. आठ फुटी काहील चार बोटं, म्हणजे आठेक सेंटिमीटर, खोल गेली की साडेतीनशे किलो उचलते, म्हणून ती लोकांना खात्रीची वाटते. पण तिला ना नाक ना शेपूट, वल्ही मारली की गरगर फिरते. आणि काठावर एकाने हात टेकवून अंग टाकलं की पाणी आत. एकदा आत आलं की लोखंड ते, तळालाच जाणार.

ट्यूबा दोन बाजूंना नको, सगळीकडून बांधा. काठाच्या जरा खाली, चार ट्यूबा, प्रत्येक ट्यूब वेगळ्या दोराने. मग काहील भरली तरी माणसांना धरायला काहीतरी राहतं. मुलांना तळाशी बसवायचं, उभं करायचं नाही. मोठी माणसं दोनच, आणि पाण्याच्या दोन्ही काठांना दोर असल्याशिवाय काहील सोडायची नाही. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं पावसाच्या आधी आणून ठेवा, मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. जमलं तर काहिलीची वेळच येऊ देऊ नका, पाणी अंगणात यायच्या आत मुलांना माहेरी पाठवा.

पूर ओसरल्यावर काहील लगेच घासून, पुसून, तेलाचा हात देऊन पालथी घाला. गंज राहिला तर हंगामात पहिल्या आधणांचा गूळ काळा पडतो आणि पेठेत भाव पडतो तो वेगळाच.